नो-रिप्लायच्या ताई

ताई फोन लावण्याआधी डाव्या कानातलं काढून ठेवायच्या. सोन्याचं, जाडसर, जुन्या घडणीचं होतं ते; रिसीव्हर लावला की टोचायचं. ते स्टेपलरच्या पिनांच्या डबीवर ठेवायचं, पदराला हात पुसायचा, नंबर दाबायचा आणि पलीकडून कुणी उचललं की एकदम बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणायचं, "नमस्कार, मी लॅबमधून बोलते. आपला रिपोर्ट पोचला का?"

फोन ठेवला की आवाज त्यांच्या दिवाळे गावात परत यायचा.

"नाय पोचला," माझ्याकडे बघून त्या म्हणायच्या. "कालपासून वाट बघतंय बिचारा. तुज्या मशिनीत तर गेला म्हनून दाखवतंय. गेला की पोचला?"

तो मशीनवाला मी. सीबीडी बेलापूरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा आयटी मॅनेजर. मॅनेज करायला माझ्या हाताखाली एक प्रिंटर होता आणि तोही माझं ऐकत नसे. लॅब पहिल्या मजल्यावर. खाली दोन वकील, एक झेरॉक्सवाला आणि सरकारी कार्यालयांत खेटे घालून दमलेल्या लोकांसाठी एक चहाची टपरी. माझी खुर्ची रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजशेजारी होती. घरी गेल्यावर बायको विचारायची, "आज काय केलंस?" तर मी "इन्फ्रास्ट्रक्चर" असं म्हणायचो. हा शब्द मला फार आवडायचा.

ताईंचं नाव सांगत नाही. लॅबमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणत, पेशंटही. वय पन्नाशीच्या पुढचं. दिवाळ्याच्या कोळी कुटुंबातल्या. लॅब एका खोलीची होती तेव्हापासून त्या रिपोर्टच्या काउंटरवर. लोकांच्या देखत मला "सर" म्हणायच्या आणि लोक गेले की "इंजिनेर". मी इंजिनीअर नाही, बीएस्सी आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. "मंग काय जालं," त्या म्हणाल्या होत्या. "मी तरी कुठं कोनाची सख्खी ताई हाय?"

मी लॅबमध्ये आलो तेव्हा लोक रिपोर्ट न्यायला जिना चढून यायचे. ताई पाकीट शोधायच्या, वरचं नाव मोठ्याने वाचायच्या आणि देताना चेहऱ्याकडे बघायच्या. मला हे फार मागासलेलं वाटायचं. मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, मी सांगितलं की जग कुठे चाललंय आणि आपण पाकिटं चिकटवतोय. रिपोर्ट तयार झाला की आपोआप मेल जाईल. पेशंटला, त्याच्या डॉक्टरांना, एका क्षणात. मोठे डॉक्टर खूश झाले. कागद बंद झाला. माझ्या पडद्यावर हिरव्या खुणांची रांग सुरू झाली. एकेक खूण म्हणजे गेलेला एकेक मेल. मी ती रांग ताईंना दाखवायला गेलो.

त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिली. "छान हाय," त्या म्हणाल्या. मग तोच प्रश्न विचारला, गेला की पोचला?

मी हसलो. त्यांना मेल म्हणजे काय हे कळत नाही, असं मला वाटलं.

आठवड्याभरात लोक जिना चढून यायला लागले. आधी पाकीट न्यायला यायचे, आता भांडायला. खालचे वकीलसाहेब तर दिवसातून दोनदा. "माझी साखर तुम्ही कुणाला पाठवलीत?" असं ते सगळ्यांसमोर विचारायचे. मी त्यांचा मोबाईल हातात घेतला, मेल उघडला, डावीकडच्या यादीत खाली गेलो आणि स्पॅम नावाच्या कप्प्यात त्यांची साखर सापडली. वर एक लॉटरी, खाली केस उगवण्याचं तेल.

तुमच्याही मेलमध्ये तो कप्पा आहे. तुम्ही तिथे शेवटचे कधी डोकावला होतात? तेच. आमचे सगळे रिपोर्ट तिथे जाऊन पडत होते.

कारण साधं होतं. ज्या मोठ्या मेल कंपनीत आमच्या बहुतेक पेशंटांची खाती, तिने नियम कडक केले होते. पाठवणाऱ्याने आपण तेच आहोत हे सिद्ध करायचं, मेलवर मशीनची सही हवी, आणि लोकांनी 'हा कचरा आहे' असं बटण दाबता कामा नये. फार जणांनी दाबलं तर तुमचा शब्द संपला. हे सगळं लेखी उपलब्ध होतं. मी वाचलं नव्हतं. मी इन्फ्रास्ट्रक्चर करत होतो.

आणि लोक ते बटण दाबत होते, कारण रिपोर्टच्याच पत्त्यावरून मी ऑफरी पाठवायचो. फुल बॉडी चेकअप, दिवाळी धमाका, पती-पत्नी पॅकेज. दर दोन दिवसांनी एक. दिवाळीच्या मेलमध्ये मी नाचणाऱ्या पणत्या टाकल्या होत्या. त्या पणत्यांचा मला इतका अभिमान होता की मी तो मेल माझ्या सासऱ्यांनाही पाठवला. सासऱ्यांनी पहिलं बटण दाबलं असणार.

मग मी उपाय सुरू केले. मेलच्या विषयात मोठ्या अक्षरांत 'तातडीचे' लिहिलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं टाकली. लॉटरीवाले हेच करतात, हे मला नंतर कळलं. मग नवा पत्ता घेतला आणि पहिल्याच तासाला त्यावरून हजारो मेल सोडले. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाने सकाळी उठून प्रत्येक घराची बेल वाजवावी, तसं झालं. दुपारपर्यंत तो पत्ताही बंद.

शेवटी नियम वाचले. इंटरनेटवर प्रत्येक संस्थेच्या नावाची एक पाटी असते म्हणा. त्या पाटीवर लिहायचं की आमच्या नावाने मेल अमुक मशीन पाठवेल, दुसऱ्या कुणी पाठवला तर काय करायचं तेही सांगायचं. मी ठणकावून लिहिलं: दुसऱ्या कुणी पाठवला तर दारातूनच परत हाकला. फक्त आमच्या मशीनचा नंबर लिहिताना एक आकडा चुकला.

म्हणजे नऊ दिवस मी स्वतः साऱ्या जगाला सांगत होतो, की आमच्या लॅबकडून आलेला कुठलाही मेल खोटा आहे, परत हाकला. आणि ती मेल कंपनी, माझ्या हुकमाप्रमाणे, अत्यंत प्रामाणिकपणे हाकलत होती.

माझी रांग मात्र हिरवीच. गेला म्हणजे गेला. पुढचं तिला काय ठाऊक.

नवव्या दिवशी सकाळी ताईंनी कानातलं काढलं, पाच फोन केले आणि ते परत न घालताच माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"कोनालाच नाय पोचलं. स्पॅममधी पन नाय. मी एकेकाला बघायला लावलं."

"ताई, सिस्टिम ओके आहे."

"तुजी सिस्टिम राहू दे. पत्र नाय पोचलं तर परत येतं ना? पोस्टात यायचं. वर शिक्का मारून."

"येतं."

"कुठं येतं?"

"नो-रिप्लायला."

"म्हंजे?"

मी समजावलं. आपण ज्या पत्त्यावरून पाठवतो त्याचं नाव नो-रिप्लाय. म्हणजे कृपया उत्तर देऊ नये. सगळे तसंच करतात.

"आपन पत्र लिवायचं आनि उत्तर नको म्हनून वरच लिवायचं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ते कोन उघडतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर तसं नाव."

"उघड."

पासवर्ड आठवायला मला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ताई माझ्या मागे उभ्या होत्या.

पेटी उघडली. वर परत आलेल्या मेलांचा ढीग, एकसारख्या इंग्रजी ओळी. त्या वाचल्यावर कळलं, माझ्याच पाटीने ते हाकलले होते; तसं मी ताईंना सांगितलं. पण ताईंनी खाली बोट दाखवलं. "ही कोन?"

खाली माणसं होती. ऑफरी सुरू झाल्या त्या पहिल्या दिवसापासून माणसं उत्तरं देत होती. उत्तर देऊ नये असं लिहिलेलं त्यांनी वाचलं नव्हतं, किंवा वाचून मानलं नव्हतं. मी वाचून दाखवायला लागलो, कारण ताईंना पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती.

एका बाईने लिहिलं होतं, 'सर, हिमोग्लोबिन सहा आहे. हे काळजीचं आहे का?' दुसऱ्या दिवशी, 'सर, उत्तर द्या.' तिसऱ्या दिवशी, 'मॅडम असाल तर मॅडम उत्तर द्या.'

कुणी नुसतं 'धन्यवाद' लिहिलं होतं. कुणी जेवणाआधीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांत आपली कुठली, असं विचारलं होतं.

आणि एकाने लिहिलं होतं, 'बाबा गेले. आता त्यांच्या नावाने काही पाठवू नका.' त्यानंतरही आम्ही पाठवलं होतं. महिन्याभराने त्याने पुन्हा लिहिलं होतं, 'मागे कळवलं होतं. कृपया.' त्याच्या वर, त्याच धाग्यात, माझ्या पणत्या नाचत होत्या.

मी वाचायचा थांबलो. ताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"एवढी मानसं आपल्याशी बोलत होती," त्या म्हणाल्या. "आनि आपन पाठ करून बसलो."

'आपण' म्हणाल्या त्या. 'तू' म्हणायला हवं होतं.

मग त्या उठल्या आणि कामाला लागल्या. परत आलेल्या सगळ्यांची यादी कर, म्हणाल्या. मी नावांप्रमाणे लावू लागलो. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. "अ पासून आजारी पडनार हायेत का लोकं? आधी गाठीवाले काढ. मंग रक्त कमी असनारे. साखर उद्या."

गाठीवाले म्हणजे ज्यांच्या गाठीचा तुकडा तपासायला आला होता ते. नऊ दिवसांत चौघे. तिघांचं ठीक होतं. चौथं नाव तुर्भ्यातल्या एका बाईंचं. रिपोर्ट तयार होऊन आठ दिवस झाले होते. त्यांच्या डॉक्टरांनाही प्रत मेलनेच जायची. तीही माझ्या पाटीने परत हाकलली होती.

ताईंनी फोन लावला. नवऱ्याने उचलला. त्याचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता.

"मेल आला नाही म्हटल्यावर आम्ही समजलो, काही नाही. काही असतं तर तुम्ही कळवलंच असतं की."

ताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला. त्या कुणाशी बोलताना अडखळल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग हात काढून, बातम्यांच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आज घरीच थांबा. मी कागद घेऊन येते."

प्रिंटर त्या दिवशी, देव जाणे कसा, पहिल्या झटक्यात चालला. ताईंनी पाकीट चिकटवलं, पर्स घेतली आणि माझ्याकडे वळल्या. "चल."

"मी कशाला?"

"पाटी तू लिवलीस ना? चल."

तुर्भ्याला कारखान्यांच्या मागे, ट्रकांच्या लांबलचक रांगेपलीकडे त्यांचं घर होतं. खाली एक खोली, वर पत्र्याची एक. बाई शिलाई मशीनवर शाळेच्या दप्तरांचे पट्टे शिवत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. नवरा दारातच उभा होता. मी चप्पल काढताना मनात वाक्यं जुळवत होतो. तांत्रिक अडचण, कॉन्फिगरेशन, असं काहीतरी.

मी लॅबमधून आल्याचं सांगितलं, त्या बोलण्यावरून बाईंनी ओळखलं. "तुम्ही आमच्याकडचे दिसताय. सातारचे?"

"कराडजवळ," मी म्हणालो.

"मग काय, घरचेच." त्या उठल्या आणि स्टोव्हकडे गेल्या. ज्या माणसामुळे त्यांचे आठ दिवस गेले होते त्याला त्यांनी पहिला कप दिला, तोही कान न तुटलेला.

ताई मशीनशेजारी जमिनीवरच बसल्या. पाकीट मांडीवर.

"हा कागद डॉक्टरांनी वाचायचा असतो," त्या म्हणाल्या. "मी नाही वाचत. पण तो आजच वाचायला हवा. उद्या नाही."

बाई चहा गाळायच्या थांबल्या. "वाईट आहे का, ताई?"

"आजच जायचं, एवढं मला माहीत आहे. मी बरोबर येते."

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, आणि क्लीनर ओरडत होता, आने दो, आने दो. नवऱ्याने भिंतीवरचा शर्ट काढला आणि बटणं लावायला लागला. त्याची एक बटणपट्टी खालीवर झाली, ती बाईंनी जवळ जाऊन सरळ केली.

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "मेल माझ्यामुळे आला नाही. मी चूक केली होती." तांत्रिक काहीच आठवलं नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला हवं होतं.

"मेलचं काय घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "आम्हीच यायला हवं होतं विचारायला. भीती वाटत होती, म्हणून नाही आलो." आणि ताईंना म्हणाल्या, "त्यांना बिस्किट द्या की."

त्या दुपारी ताई त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेल्या. मला बेलापूरला परत पाठवलं, पाटी दुरुस्त करायला. एक आकडा. बदलायला अर्धं मिनिट लागलं.

पुढे ऑपरेशन झालं, मग महिनोन्‌महिने औषधं. डॉक्टर म्हणाले होते की आठवड्याभराने फार बिघडलं नाही, पण अजून दोन-तीन महिने तुम्ही तशाच बसला असता तर अवघड होतं. वर्षभराने ती दोघं जिना चढून वर आली, ताईंना भेटायला. बाईंच्या डोक्याला रुमाल, त्याखाली नवे केस बोटभर उगवलेले. ताईंनी रुमाल सरकवून ते केस बघितले आणि म्हणाल्या, "कुरळे येतायत की! आधी सरळ होते ना?" बाई इतक्या हसल्या की काउंटरवरची सगळी रांग हसली. मी फ्रिजमागे होतो. तुम्हाला कारण ठाऊक आहे.

पण मला मेल पोचवायचे होते, आणि ते पोचायला लागले ते ताईंमुळे. हे मी मोठ्या डॉक्टरांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो.

मी त्यांना नियम वाचून दाखवले. लोकांनी कचऱ्याचं बटण का दाबू नये, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"माजी आय बेलापूरच्या सेक्टरांत मासळी विकायला जायची," त्या म्हणाल्या. "ज्या घरात खात नाय त्या दारात ती आवाज द्यायची नाय. उगाच बोंबललं की त्यांनी वॉचमनला सांगितलंच. मंग गेटच बंद, जे खातात त्यांच्यासाठी पन बंद. तुजा तो कंपनीवाला वॉचमनच हाय ना? त्याचं काय चुकलं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. ऑफरी बंद झाल्या. पणत्या विझल्या. नो-रिप्लाय गेलं, त्याजागी ज्याला उत्तर देता येईल असा साधा पत्ता आला आणि तो ताईंच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडा ठेवला. विषयाच्या ओळीत उद्गारचिन्हं नाहीत, फक्त लॅबचं नाव आणि 'आपला रिपोर्ट'. आणि रक्त द्यायला आलेल्या प्रत्येकाला ताई दंडावरचा कापूस दाबून धरायला सांगता सांगता सांगायच्या, "घरी मेल आला की आम्हाला एक शब्द लिहायचा. 'मिळाला'. बस. नाही लिहिलंत तर मी फोन करीन, आणि मी फार वेळ बोलते."

लोक लिहायला लागले. 'मिळाला.' 'मिळाला ताई.' 'मिळाला, साखर वाढली, ओरडू नका.' आता गंमत बघा. ज्या पत्त्याला लोक आपणहून उत्तरं देतात, त्याच्यावर त्या मेल कंपनीचा विश्वास बसतो, हे कुठल्यातरी पानावर लिहिलेलं होतं. ताईंनी ते पान वाचलं नव्हतं. तीन-चार महिन्यांत आमचे मेल स्पॅममधून उठून लोकांच्या पुढ्यात जाऊन बसायला लागले.

आणखी वर्षभर आकडे जमवून मी याचं प्रेझेंटेशन केलं. एकवीस स्लाइड. पाट्या, सह्या, आलेख. आलेख वर जाणारा होता, त्याला मी हिरवा रंग दिला. ताईंच्या नावाची स्लाइड नव्हती. मुद्दाम वगळली असं नाही. 'कापूस दाबताना सांगणे' याला इंग्रजी शब्द सापडेना.

मोठे डॉक्टर बारकाईने बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आता फोन करायची गरज उरली नाही."

"तशी नाही, सर," मी म्हणालो. खूश होतो. कौतुक होतंय असं वाटलं.

पुढच्या महिन्यात रिपोर्टचं काउंटर बंद करायचं ठरलं. कुणी चौकशी केलीच तर एका बाहेरच्या कंपनीचे लोक फोन घेतील. ताईंना मोकळं करणार होते. कारण विचारलं तर माझी विसावी स्लाइड, तो हिरवा आलेख, दाखवण्यात आली.

मी गप्प बसलो नाही, एवढं म्हणू शकतो. मी मोठ्या डॉक्टरांना मेल लिहिला. लांबलचक. पेटी, तुर्भे, बटणपट्टी, मासळी, सगळं. दोन दिवस लिहीत होतो. शुद्धलेखन तपासलं. तो मेल स्पॅममध्ये गेला असेल अशी मला आशा होती, म्हणून मी सर्व्हरवर जाऊन पाहिलं. नव्हता गेला. पोचला होता. त्यांनी उघडला होता, दोनदा. उत्तर आलं नाही.

त्यांची केबिन माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर होती. दार बहुतेक वेळा उघडंच असायचं.

ताईंना हे मी शेवटच्या आठवड्यात सांगितलं. मला वाटलं, त्या चिडतील, निदान रडतील तरी. त्या टेबलाचा खण आवरत होत्या; पिनांची डबी, दोन पेनं, अर्धा कंगवा.

"मेल लिवलास?" त्या म्हणाल्या. "मराठीत?"

"हो."

"चांगलं लिवलंस का माज्याबद्दल?"

"हो."

"मंग मना पन पाठव की." आणि हसल्या. "त्यांच्यासाठी नव्हं रे. पोरीला दाखवीन. तिला वाटतं मी इथं नुसती बसून असते."

पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा मोबाईल वाजला. माझा एवढा एकच मेल असेल, ज्याबद्दल मला काही तपासावं लागलं नाही.

त्या गेल्या त्या दिवशी लॅबने केक आणला होता. वकीलसाहेब वर आले आणि भाषण करायला उभे राहिले, पण दोन वाक्यांनंतर त्यांना खोकला आला आणि ते खाली बसले. ताईंनी त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी काउंटरच्या जागी पाण्याचं मशीन आलं.

आता त्या वाशीच्या एका दवाखान्यात डायलिसिसवाल्यांच्या वेळा लावतात, असं कळलं. मी दोनदा जायचं ठरवलं. बिझी होतो, असं स्वतःला सांगितलं. दिवाळे गाव माझ्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखं आहे.

बाहेरच्या कंपनीचं काही जमलं नाही. तीन महिन्यांत ते सोडून गेले, आणि काउंटरचा जुना नंबर तात्पुरता म्हणून माझ्या टेबलावर आला. तात्पुरताला आता वर्ष होईल.

परवा दुपारी तो वाजला. एक आजोबा होते. नेरुळहून बोलत होते.

"ताई आहेत का?"

"रिपोर्टचा नंबर सांगा," मी म्हणालो.

"रिपोर्ट नाही हो. ताईंशीच बोलायचं होतं."

"त्या आता इथे नसतात."

मला वाटलं, त्यांनी फोन ठेवला. मी रिसीव्हर खाली आणत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "मग तुम्ही कोण?"

मी आयटी मॅनेजर आहे, असं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. "मग तुम्ही ऐका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं माझं. आज पहिल्यांदा काठीशिवाय गच्चीपर्यंत गेलो. चार मजले. घरी कुणी नाही, सून कामावर आहे. कुणालातरी सांगावंसं वाटलं."

अभिनंदन म्हणावं का? समोर पडद्यावर हिरव्या खुणा एकामागून एक उमटत होत्या. मी पडदा बंद केला.

"आजोबा," मी विचारलं, "जेवलात का?"

"नाही अजून," ते म्हणाले. "आमटी गरम करायचीय."

"करा मग. मी धरतो फोन."

त्यांनी रिसीव्हर कुठेतरी ठेवला. मला पावलं ऐकू आली, हळूहळू लांब जाणारी, मग गॅस पेटल्याचा आवाज. मी फोन कानाला लावून बसून राहिलो.